उजव्या मुठीची रायफल

नेमबाजीच्या क्लबाच्या कँटीनमध्ये खिडकीजवळ एक लांब बाक आहे. त्यावर स्वतःची बंदूक असलेली माणसं बसतात. तसा काही नियम नाही, पण क्लबाची बंदूक भाड्यानं घेणारे येतात, छर्रे उडवतात आणि हसतखेळत घरी जातात. बाकावर रेंगाळतात ते मालक. चहाचा कागदी कप हातात धरून एकेक जण आपापलं दुःख उगाळतो. एकानं दिसायला देखणं म्हणून पिस्तूल घेतलं, ते मनगटाला पेलत नाही. दुसऱ्यानं व्हिडिओ बघून बघून इटलीहून मागवलं, त्याचे सुटे भाग इथे मिळत नाहीत. माहनूर नावाच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याशी भांडून रायफल घेतली आणि महिन्याभरात त्यांची पाठ धरली. पाठीपेक्षा नवरा बरोबर ठरला याचं त्यांना जास्त दुखतं.

बरं, गल्फमधल्या या देशात बंदूक विकत घेतली तरी ती घरी नेता येत नाही. ती क्लबाच्या कुलपात राहते, तिचे कागद क्लबाच्या ऑफिसात, आणि मालकानं सवड काढून तिला भेटायला यायचं, सासरी दिलेल्या लेकीला भेटायला जावं तसं. त्यामुळे पस्तावा करायचा तोही क्लबात येऊनच करावा लागतो.

संग्राम इंगवले या बाकावर अलीकडे बसायला लागला. मुसाफ्फातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत तो सुपरवायझर आहे, मूळचा कागलचा, आवाज मोठा, गप्पा त्याहून मोठ्या. पण या बाकावर त्याची दातखीळ बसते. कुणी विचारलंच तर म्हणतो, बंदूक चांगलीच आहे हो. आणि कपात बघत राहतो.

ती बंदूक त्यानं का घेतली हे समजायला थोडं मागे जायला हवं. शाळेत असताना संग्राम नेमबाज होता. शाळेकडे एकच एअर रायफल, चार-पाच पोरांत मिळून. तिच्यावर तो जिल्ह्यापर्यंत पोचला आणि पुण्याला राज्याच्या निवडीत आपटला. नेम डगमगायला लागला की सावरायचाच नाही. परत येताना एसटीत तो गुरुजींना म्हणाला, स्वतःची रायफल असती तर दाखवलं असतं. हे वाक्य त्यानं पुढे आयुष्यभर वापरलं. लग्न ठरलं तेव्हा लतिकाला सांगितलं, गल्फमध्ये आल्यावर रूमवरच्या मित्रांना सांगितलं, रुवैसच्या कँपात जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनाही सांगितलं. लतिकाला ते इतकं पाठ झालं होतं की तो सुरू झाला की ती भांडी आवरायला उठायची.

त्याची दुसरी आवडती गोष्ट त्याच्या डाव्या हाताची. लहानपणी तो डावखुरा होता. घास डाव्या हातानं उचलला की बापू, म्हणजे त्याचे वडील, पाठीत धपाटा घालायचे. तेवढ्यानं भागेना म्हणून त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि जेवताना पोराचा डावा हात कमरेला बांधून ठेवायला सुरुवात केली. वर्षभरात हात सुधारला. "सुधारला" हा त्याचाच शब्द. हे तो असं रंगवून सांगायचा की ऐकणारे हसून बेजार व्हायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं तो स्वतः हसायचा.

पर्णिका, त्याची एकुलती एक मुलगी, बापावर गेली. चमचा, खडू, बाहुली, सगळं डाव्या हातात. पण संग्रामनं तिला कधी मारलं नाही, हात बांधणं तर दूरच. तो फक्त दर वेळी तिच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्यात द्यायचा. चॉकलेटसाठी डावा हात पुढे आला की चॉकलेट मागे घ्यायचा आणि उजवा आला की द्यायचा. लाडानं, हसतहसत, अजिबात न कंटाळता. पहिलीत ती उजव्या हातानं लिहायला लागली तेव्हा त्यानं कागलला फोन लावला. बापू म्हणाले, बरं झालं, पोरीची जात, लोक नावं ठेवतात. त्या दिवशी संग्रामला आपण बापूंपेक्षा बरे बाप आहोत असं वाटलं होतं, आणि त्यात खोटं असं काही नव्हतं.

पर्णिका अकरावीत गेली तोवर तिचं बोलणं मोजकंच उरलं होतं. विचारलं तर उत्तर, तेही इंग्रजीत. शाळेत नेमबाजीची नोटीस लागली म्हणून लतिकानं तिला सहज क्लबात नेलं, आणि पोरगी तिथे रमली. कोच हमीदा मॅडम हैदराबादच्या, बोलायला मऊ, शिस्तीला कडक. सराव आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी असायचा. लतिका क्लिनिकच्या रिसेप्शनवरून सुटली की तिला घेऊन जायची. संग्राम तेव्हा रुवैसला. रिफायनरीची कामं सुरू असली की तो आठवडाभर तिथल्या कँपात राहतो आणि शुक्रवारी रात्री मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी येतो. म्हणून पर्णिकाला नेम धरताना त्यानं कधी पाहिलंच नाही. त्याला स्कोअर कळायचे, व्हॉट्सॲपवर. तो ते फोरमनला दाखवायचा, क्रेनवाल्या पठाणाला दाखवायचा, आणि शुक्रवारी जेवताना लेकीला श्वास कसा सोडायचा यावर व्याख्यान द्यायचा. ती ऐकून घ्यायची. "इट वॉज गुड, बाबा," म्हणायची, आणि म्हणताना तिचे डोळे हसायचे. त्या वर्षात ती पानं मांडताना गुणगुणायला लागली होती.

मधे एक लहानशी गोष्ट घडली. अल कुसैसला त्याच्या मित्राकडे गणपती असतो, मराठी मंडळी झाडून जमतात. आरती झाली, प्रसाद फिरला, आणि पर्णिकानं बोलता बोलता डावा हात पुढे केला. संग्रामनं भरल्या घरात तिचं मनगट धरलं, हात खाली केला आणि दुसरा उचलून वर धरला. हसत म्हणाला, "आमच्या बापूंनी पाहिलं असतं तर पट्टी काढली असती." सगळे हसले. पर्णिकानं प्रसाद घेतला आणि परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलली नाही. संग्राम ते दुसऱ्या दिवशी विसरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला क्रिस्टोफर लोपीस भेटला. क्रिस्टोफर वसईचा, एका हॉटेलात परचेसला. त्यानं मुलीसाठी, केलीसाठी, जर्मन एअर रायफल घेतली होती. लाकडी दस्ता, वर मधासारखं पॉलिश. केली वर्षभर हौसेनं खेळली आणि मग शिकायला कॅनडाला निघून गेली. रायफल क्लबाच्या कुलपात पडून. संग्रामनं ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. पुण्याच्या त्या निवडीत शेजारच्या मुलाकडे असली रायफल होती.

क्रिस्टोफर सरळ माणूस. त्यानं काही लपवलं नाही.

"हे बघ संग्राम, आधीच सांगतो," तो म्हणाला. "दस्ता उजव्या हाताचा आहे. मूठ केलीच्या तळव्याच्या मापानं कोरून घेतलीय. तुझ्या मुलीला आधी धरून बघू दे. मी घाईत घेतली, मला अजून पस्तावा होतोय."

"आमच्या घरात सगळे उजवेच," संग्राम म्हणाला.

घरी त्यानं लतिकाला किंमत सांगितली, दिरहममध्ये. तिनं सवयीनं रुपयांत करून पाहिली आणि मग नुसती बसून राहिली. त्याला वाटलं पैशामुळे. थोड्या वेळानं ती म्हणाली की एकदा हमीदा मॅडमना तरी विचारा, नाहीतर पर्णिकालाच विचारा. त्याला ते लागलं. अगं, मला बंदुकीतलं कळतं, तो म्हणाला, आणि तिलाच विचारलं तर सरप्राइज कसलं? लतिका आणखी काही बोलणार होती. पण तो इतका फुलला होता की तिची जीभ उचलली नाही. बिचारीनं नंतर स्वतःला फार दोष दिला. खरं तर त्या दिवशी त्याला अडवणं कुणालाच जमलं नसतं.

कागदपत्रं नावावर करायला त्यानं रजा टाकली. या खिडकीतून त्या खिडकीत, इन्शाल्ला उद्या, इन्शाल्ला परवा. पण तो एकदाही चिडला नाही. पर्णिकाच्या वाढदिवशी तो तिला क्लबात घेऊन गेला. शस्त्रागाराच्या खिडकीतून लांब काळी पेटी आली. त्यानं ती टेबलावर ठेवली, खटके उघडले आणि बाजूला सरून उभा राहिला.

पर्णिका रायफलीकडे बघत राहिली. मग तिनं आईकडे पाहिलं. मग बापाकडे, आणि त्याच्या तोंडावर जे काही होतं ते पाहून ती पुढे झाली आणि त्याच्या गळ्यात पडली. "थँक यू, बाबा," ती म्हणाली. संग्रामचे डोळे भरून आले. हमीदा मॅडम जवळ उभ्या होत्या. त्यांनी मूठ बघितली, भुवया उंचावल्या, आणि काही बोलायला तोंड उघडलं. पर्णिका त्यांच्या कानाशी हळूच काहीतरी पुटपुटली. मॅडम गप्प झाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "संग्रामजी, एक बार बच्ची से पूछ लेते." त्यानं मनाशी म्हटलं, क्लबाचं भाडं बुडालं ना, म्हणून पोटात दुखतंय.

नव्या रायफलीनं स्कोअर पडायला लागले. पहिले काही आठवडे त्यानं समजून घेतलं, नवीन हत्यार आहे, हात बसायला वेळ लागतो. मग रुवैसहून फोन सुरू झाले. श्वास नीट घेतेस का? पाय किती अंतरावर ठेवतेस? लक्ष कुठे असतं तुझं? पर्णिका सगळ्याला "येस बाबा" म्हणायची. तिचं डोकं दुखायला लागलं. लतिका म्हणाली, डोळ्यांवर ताण येतोय, काही दिवस तिला जुनीच बंदूक वापरू द्या. तो उखडला. एवढी जीव टाकून घेतलेली वस्तू, आणि म्हणे जुनीच वापरू द्या! एका शुक्रवारी जेवताना त्याचा तोल गेला.

"भंगार बंदुकीवर मारत होतीस," तो म्हणाला, "आणि हिच्यावर मारता येत नाही? मला तुझ्या वयात अशी मिळाली असती ना, तर आज मी इथे रुवैसमध्ये पाइप मोजत बसलो नसतो."

पर्णिकानं मान खाली घालून जेवण संपवलं. ताट उचललं, धुऊन ठेवलं आणि खोलीत गेली. गुणगुणणं कधी थांबलं होतं हे संग्रामला आठवेना. तेव्हा तो ते आठवायच्या फंदात पडलाही नाही.

हिवाळ्यात निवड स्पर्धा होती. शाळांच्या संघात येण्याची ही पर्णिकाची शेवटची संधी, पुढच्या वर्षी बारावी. जुन्या बंदुकीवरच्या तिच्या स्कोअरवर हमीदा मॅडमनी तिचं नाव गृहीत धरलं होतं. शनिवारी सकाळी संग्राम इस्त्रीचा शर्ट घालून क्लबात पोचला आणि नेमबाजांच्या मागच्या खुर्च्यांत लतिकाशेजारी बसला. आपल्या मुलीला नेम धरताना तो पहिल्यांदाच बघत होता.

पर्णिकाच्या डाव्या डोळ्यावर, तो झाकायला, एक पांढरी पट्टी लटकवलेली होती, मधे मधे हातानं ती सरळ करायची. रायफल उजव्या खांद्याला लावली की तिची मान अवघडायची, ओठ घट्ट मिटायचे. एक छर्रा मारला की ती रायफल खाली टेकवायची आणि उजवा हात झटकायची. पडद्यावर आकडे येत होते, आणि ते वाईट होते. हे डगमगणं त्याच्या ओळखीचं होतं. नेम सावरत नाही, जितकं सावरायला जावं तितका निसटतो. पुण्याला त्याचं नेमकं हेच झालं होतं. पण तिच्याकडे तर स्वतःची रायफल आहे, तो मनात म्हणाला, आणि पुढचा विचार त्याला सुचेना.

निम्म्यावर आल्यावर रायफलीतून बारीक फुस्स असा आवाज यायला लागला. सिलिंडरच्या जोडातून हवा गळत होती, जुन्या रायफलींचं होतं तसं. पर्णिकानं हात वर केला. पंच आले, त्यांनी तपासलं, आणि दुसरी बंदूक वापरायची परवानगी दिली. हमीदा मॅडम जवळजवळ धावतच आत गेल्या आणि क्लबाची तिची जुनी रायफल घेऊन आल्या. रंग उडालेली, दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली.

पर्णिकानं ती घेतली. डोळ्यावरची पट्टी उपटून काढली, पावलं उलटी वळवली, आणि रायफल डाव्या खांद्याला लावली.

संग्रामला वाटलं ती चुकली. तो खुर्चीतून अर्धा उठलाही. लतिकानं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. आणि समोर त्याची मुलगी शांत झाली. मान सैल, खांदे सैल, चेहरा असा की दुपारी झोपलेलं लहान मूल असावं. पडद्यावर दहा आले. मग पुन्हा दहा. मधे एक नऊ, आणि परत दहा. मागच्या खुर्च्यांतली सगळी माणसं तिच्या पडद्याकडे बघायला लागली. ती कुणाकडेच बघत नव्हती. संग्रामला आपल्या मुलीचा हा चेहरा ओळखू येईना, आणि मग आठवला. दोन-तीन वर्षांची असताना फरशीवर पालथी पडून ती खडूनं रेघोट्या मारायची, तेव्हा असा असायचा. तेव्हा खडू डाव्या हातात असायचा.

सुरुवातीला गेलेले गुण भरून यायला उरलेले छर्रे पुरले नाहीत. तिचं नाव यादीत आलं नाही.

तिघं गाडीत येऊन बसले. त्यानं एसी लावला, पण गाडी काढली नाही. पर्णिका पुढे, लतिका मागे.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"फर्स्ट डे," पर्णिका म्हणाली. "मॅडम चेक्ड माय आय, माय एमिंग आय इज लेफ्ट. तिनं मला लेफ्टची गन दिली."

तो आरशातून लतिकाकडे बघायला लागला. तुला माहीत होतं? लतिकानं मान डोलावली. तिचा आवाज चढला नाही. सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, एवढंच तिनं विचारलं. त्याला अल कुसैसचा प्रसाद आठवला, हातातलं ते बारीक मनगट, सगळ्यांचं हसणं.

"पण बंदूक आणली तेव्हा तरी बोलायचंस, पर्णू," तो म्हणाला.

पर्णिका खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत होती. "यू वर सो हॅपी, बाबा." मग ती, त्याच्याकडे न वळता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दॅट वॉज द ओन्ली प्लेस व्हेअर नोबडी चेंज्ड माय हँड."

संग्रामनं स्टिअरिंग धरून ठेवलं. तो घाईघाईनं बोलायला लागला, ही विकून टाकू, खलास, डाव्या हाताची मागवू, जर्मनीहून थेट मागवू, तुझ्या हाताच्या मापाची. पुढची स्पर्धा, इंडियातली निवड. तो बोलत राहिला असता. पर्णिकानं त्याच्या बाहीला हात लावला.

"नो, बाबा. प्लीज. डोन्ट बाय मी एनीथिंग."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती दमली होती, आणि त्याला दुखवू नये म्हणून अजूनही जपून बोलत होती.

त्यानंतर पर्णिका क्लबात गेली नाही. हमीदा मॅडमनी फोन केले, घरी येऊन गेल्या. पर्णिकानं त्यांना चहा दिला, गोड बोलली, आणि अभ्यास फार आहे म्हणाली. जे काही तिचं स्वतःचं होतं ते बापानं तिला भेट म्हणून दिलं, त्यातच ते गेलं. लोक मुलांना मारून मुटकून बिघडवतात, त्याकडे निदान बोट दाखवता येतं. संग्रामनं सगळं प्रेमानं केलं होतं, त्यामुळे बोट दाखवायला जागाही उरली नाही.

तो रायफल विकायला क्लबात गेला. गळणारा जोड दुरुस्त करून घेतला, पॉलिश उजळलं, कँटीनच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. उजव्या हातासाठी, उत्तम स्थितीत. गिऱ्हाईक येईना. लहान मुठीची, लाकडी, जुन्या पद्धतीची रायफल आता कोण घेणार? तरी सुट्टीच्या दिवशी तो जायचा, शस्त्रागारातून ती काढून घ्यायचा, फडकं फिरवायचा आणि परत द्यायचा. असा तो बाकावर आला. क्रिस्टोफर एकदा भेटला. सगळं ऐकून घेऊन त्यानं नुसता खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं होतं, असं काही तो बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

एक दिवस हमीदा मॅडम बाकाशी थांबल्या. तुमच्याही डोळ्याची परीक्षा घेऊन बघू का, त्यांनी विचारलं, बहुतेक सहजच. दोन्ही हात पुढे लांब करायला लावले, तळव्यांच्या मधे लहानशी फट ठेवायला सांगितली आणि त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. दोन्ही डोळे उघडे, घड्याळ दिसतं? दिसतं. आता डावा डोळा मिटा. संग्रामनं मिटला, आणि घड्याळ गेलं. फटीत नुसती भिंत. त्यानं पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. उजव्या डोळ्याला घड्याळ दिसेचना, म्हणजे नेम धरणारा त्याचा डोळा डावा.

"आप भी बाएँ हैं," मॅडम म्हणाल्या. "बच्ची आप ही पर गई है."

तो हात तसेच पुढे धरून उभा राहिला. पुण्याची निवड, सावरेना तो नेम, एसटीतलं ते वाक्य. स्वतःची रायफल असती तरी काही झालं नसतं. उजव्या खांद्याला लावून तो तिच्यावरही असाच हरला असता. जी गोष्ट मिळाली नाही म्हणून त्यानं इतकी वर्षं जीव जाळला ती त्याच्या कधी कामाचीच नव्हती. आणि तीच न मिळालेली गोष्ट त्यानं आपल्या मुलीच्या गळ्यात घातली. मॅडमनी चिकटपट्टी गुंडाळलेली ती जुनी रायफल पुढे केली, लावून बघता का म्हणून. त्यानं नको म्हटलं. तिथे लेकीचा गाल टेकलेला होता, तिथे त्याला आपला गाल टेकवावासा वाटेना.

घरी तो जेवायच्या वेळेला पोचला. वरण-भात, वांग्याची भाजी, पापड. पर्णिका समोर बसली होती, खाली मान घालून, उजव्या हातानं भात कालवत. त्यानं दोन घास खाल्ले आणि तिच्या हाताकडे बघितलं.

"पर्णू," तो म्हणाला, "तुला पाहिजे तर डाव्या हातानं जेव बाळा. कोणी काही बोलणार नाही."

तिनं वर पाहिलं. तिचा डावा हात मांडीवर होता, त्याच्याकडे तिनं क्षणभर बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "आता सवय झालीय." आणि परत जेवायला लागली.

लतिका वाढता वाढता थांबली. संग्रामनं आपला उजवा हात पाण्यात बुडवून धुतला, पुसला आणि मांडीवर ठेवला. मग डावा हात ताटात घातला. बोटांना काही कळत नव्हतं. घास नीट धरला गेला नाही, वरण मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं आणि इस्त्रीच्या शर्टावर सांडलं. त्यानं पुन्हा घास केला, तोही सांडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तो मान खाली घालून तसाच जेवत राहिला.

पर्णिका हसली नाही, रडलीही नाही. तिनं टिश्यूचा डबा उचलला आणि उजव्या हातानं त्याच्यापुढे ठेवला.